खुर्चीतून उठून दाखवा

माझी आत्या येरवड्याच्या मनोरुग्णालयात बायकांच्या वॉर्डात सेविका होती. नोकरीची सगळी वर्षं तिथेच गेली. 'याला येरवड्याला न्या' असं उभ्या महाराष्ट्रात लोक सहज बोलून जातात, तेव्हा जे फाटक त्यांच्या डोळ्यांपुढे येतं त्याच फाटकातून ती रोज सकाळी आत जायची. एवढं अवाढव्य रुग्णालय, शेकडो बायका. त्यांतली कोण सुधारतेय आणि कोण खाली चाललीय हे केसपेपर न बघता ओळखायची तिची एक रीत होती. ती बाईला उठताना बघायची. "खाटेवरून उठते कशी, ताटात टाकते किती, वेणी स्वतः घालते की दुसरीपुढे डोकं धरते, एवढं बघितलं की डॉक्टर राऊंडला यायच्या आत मला कळायचं," असं ती सांगायची.

मागच्या वर्षी तिच्या स्वतःच्याच डाव्या गालात आतून जखम झाली. पन्नासेक वर्षं मशेरी लावलेली. जखम भरेना, तोंड पुरतं उघडेना. तुकडा काढून तपासला तेव्हा कॅन्सर निघाला. आत्या तेव्हा ७६ वर्षांची होती.

पहिल्या रुग्णालयातल्या डॉक्टरांनी फाइलवरचं वय वाचलं आणि दादाला, म्हणजे माझ्या आतेभावाला, बाजूला घेऊन सांगितलं, "आता या वयात कशाला हाल करताय? झेपणार नाही. घरी ठेवा, दुखलं तर गोळ्या देऊ." आम्ही दुसरीकडे गेलो. तिथल्या डॉक्टरांनी रिपोर्ट भराभर चाळले. "क्रिएटिनिन नॉर्मल आहे, हृदय ठीक आहे. सगळं करू. ऑपरेशन, रेडिएशन, सोबत सिस्प्लॅटिन. पूर्ण कोर्स." दोन्हीकडे मिळून आम्ही आत पंधरा मिनिटं असू. एकाने काहीच नको म्हटलं, दुसऱ्याने सगळं द्या म्हटलं, आणि दोघांपैकी एकानेही आत्याला खुर्चीतून उठून दाखवा म्हटलं नाही. ती कोपऱ्यात पदर तोंडाशी धरून बसली होती. तिच्याशी कोणी बोललंच नाही.

या दोन उत्तरांच्या मधे एक मोठा प्रदेश आहे आणि म्हातारपणी कॅन्सर झालेली बहुतेक माणसं तिथेच राहतात, हे मला त्यानंतरच्या काही महिन्यांत शिकावं लागलं.

तिसऱ्या ठिकाणी तिला तासभर बसवून घेतलं. आधी एक तरुण डॉक्टर, मग आहारतज्ज्ञ, मग फिजिओथेरपिस्ट. सुरुवात गालापासून झालीच नाही. "आजी, हात न टेकता उठा. त्या भिंतीवरच्या खुणेपर्यंत चालत जा, वळा, परत येऊन बसा." अंतर तीन मीटर, हातात घड्याळ. जगभर केली जाणारी ही साधी चाचणी आहे. १२ सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे असं धरतात. आत्याला १९ लागले. पहिल्यांदा उठताना तिने खुर्चीचा हात धरलाच आणि वळताना चार लहान पावलं टाकली. मी तिच्याकडे बघत होते. तिच्या चेहऱ्यावरून मला दिसलं की ही परीक्षा कसली आहे हे खोलीतल्या कोणाहीपेक्षा तिला जास्त कळलंय.

मग वजन. ४२ किलो. सहा महिन्यांपूर्वी ४८ होतं. घरात कोणाच्या ते लक्षातच आलं नव्हतं, कारण नऊवारीत अंग दिसत नाही. आहारतज्ज्ञ बाईंनी तिचा हात हातात घेतला आणि बांगड्या कोपरापर्यंत वर सरकवून दाखवल्या. "या आधी इथपर्यंत जायच्या का?" वहिनी म्हणाली, "नाही. मागच्या संक्रांतीला साबण लावून घालाव्या लागल्या होत्या." त्या वाक्यानंतर वहिनी बराच वेळ बोलली नाही.

त्यानंतर पिशवी. येताना घरातली सगळी औषधं घेऊन या असं फोनवर बजावलं होतं. दादाने कापडी पिशवी टेबलावर उपडी केली. सात प्रकारच्या गोळ्या, तीन डॉक्टरांच्या. रक्तदाबाची एकच गोळी दोन वेगळ्या नावांनी दोन डॉक्टरांनी लिहिलेली आणि ती दोन्ही घेत होती. गुडघ्यांसाठी दुकानातून परस्पर आणलेली डायक्लोफेनॅक, जी मूत्रपिंडाला जाच करते. झोपेची अल्प्राझोलाम, पाच वर्षांपासून. आणि साखरेची ग्लिमेपिराइड. तोंड दुखतं म्हणून आत्याचं जेवण निम्म्यावर आलं होतं, गोळी मात्र पहिल्याइतकीच चालू होती. "रात्री कधी घाम सुटून गरगरतं का?" डॉक्टरांनी विचारलं. आत्या म्हणाली, "दोनदा मोरीत पडले. सांगितलं नाही कोणाला. उगाच घाबरतात."

म्हणजे गेल्या चार महिन्यांत ती दोन वेळा पडली होती आणि दोन्ही वेळांचं कारण कॅन्सर नव्हतं. ते त्या पिशवीत होतं.

या तासाला वैद्यकात वृद्धांचं सर्वांगीण मूल्यमापन म्हणतात. नाव भारदस्त आहे, आतले प्रश्न घरगुती. रोजची कामं स्वतः होतात का, पडलात का, आणखी कोणते आजार आहेत, काय खाता, किती गोळ्या घेता, आठवण कशी आहे, मन कशात लागतं का, आणि घरी कोण आहे. कॅन्सरच्या डॉक्टरांची नेहमीची नजर गाठीवर असते. गाठ केवढी, कुठे पसरली, कोणत्या जातीची. ती नजर हवीच. पण औषध गाठीला देता येत नाही, ते माणसाला द्यावं लागतं. त्या माणसाच्या अंगात किती शिल्लक आहे हे गाठीच्या रिपोर्टात कुठेही लिहिलेलं नसतं.

ते आधारकार्डावरही लिहिलेलं नसतं. याचा पुरावा शोधायला येरवड्यातून फार लांब जावं लागत नाही. नगर रस्त्यावर आगाखान पॅलेस आहे. ऑगस्ट १९४२ मध्ये गांधीजींना आणि त्यांच्या जवळच्या माणसांना तिथे कैदेत ठेवलं. आठवड्याच्या आतच, १५ ऑगस्टला, महादेवभाई देसाई हृदयविकाराच्या झटक्याने गेले. वय ५०. पुढच्या वर्षी १० फेब्रुवारीला गांधीजींनी २१ दिवसांचं उपोषण सुरू केलं. वय ७३. मधे त्यांची अवस्था इतकी बिकट झाली की डॉक्टरांनी आशा सोडल्यासारखी होती आणि सरकारने मृत्यूनंतरच्या बंदोबस्ताचाही विचार करून ठेवला होता. पाण्यात मोसंबीचा रस घालून घेतल्यावर ते सावरले आणि ३ मार्चला उपोषण पूर्ण करून उठले. त्यानंतर वर्षभराने, २२ फेब्रुवारी १९४४ ला, त्याच वास्तूत कस्तुरबा गेल्या. वय ७४. त्या महिनोन्‌महिने खंगत गेल्या होत्या. हृदय थकलेलं, शेवटी न्यूमोनिया. एकच छप्पर आणि तीन माणसं. जन्मतारखा बघून कोणी अंदाज बांधला असता तर तिन्ही चुकले असते.

कस्तुरबांच्या शेवटच्या दिवसांतली आणखी एक गोष्ट मला नेहमी अडवते. पेनिसिलिन तेव्हा नवं होतं आणि त्यांच्यासाठी ते मुद्दाम मागवलं होतं. त्यांच्या मुलाची, देवदास यांची, ते द्यावं अशी इच्छा होती. दर काही तासांनी सुया टोचाव्या लागणार हे कळल्यावर गांधीजींनी नको म्हटलं. बरोबर की चूक यावर ऐंशी वर्षं लोक वाद घालत आहेत आणि मला त्यात पडायचं नाही. पण किती उपचार, कशासाठी आणि कोणाच्या इच्छेने, हा आज प्रत्येक कॅन्सर वॉर्डात उभा असलेला प्रश्न येरवड्याच्या वाटेवर एका घराने फार पूर्वी सोसलेला आहे.

पुन्हा आत्याच्या फाइलकडे येते, कारण तिथल्या एका आकड्याने माझे डोळे उघडले. 'क्रिएटिनिन नॉर्मल' हे दुसऱ्या डॉक्टरांचं म्हणणं खोटं नव्हतं. रिपोर्टात १.० होतं. पण क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होतं. ज्याच्या अंगावर मांसच उरलेलं नाही त्याच्या रक्तात ते कमीच सापडणार, मूत्रपिंड थकलं असलं तरीही. म्हणून डॉक्टर एक जुनं सूत्र वापरतात. १४० मधून वय वजा करायचं, त्याला वजनाने गुणायचं, ७२ गुणिले क्रिएटिनिन याने भागायचं आणि बाई असेल तर ०.८५ ने पुन्हा गुणायचं. आत्याचं गणित त्या तरुण डॉक्टरांनी आमच्यासमोर कागदावर मांडलं. १४० उणे ७६ म्हणजे ६४. ६४ गुणिले ४२, भागिले ७२, गुणिले ०.८५. उत्तर जेमतेम ३२ आलं. मिनिटाला ३२ मिलिलिटर. मग त्यांनी शेजारी दादाचं मांडलं, वय ४९, वजन ७२, क्रिएटिनिन तेवढंच १.०. उत्तर ९१. लॅबच्या कागदावर मायलेकांचा आकडा एकच होता, मूत्रपिंडांची ताकद मात्र जवळजवळ तिपटीने वेगळी. सिस्प्लॅटिन हे किमोचं औषध साधारणपणे ५० च्या खाली टाळतात. ते मूत्रपिंडाला इजा करतं आणि कानांनाही, आणि आत्याला डाव्या कानाने आधीच कमी ऐकू येत होतं. हे तिने कुठे सांगितलं नव्हतं, कारण कोणी विचारलं नव्हतं.

कान, पडणं, गोळ्या, चालणं. या किरकोळ वाटणाऱ्या गोष्टींना कॅन्सरच्या शास्त्रात जागा मिळवून देणाऱ्या बाईचं नाव आरती हुरिया. भारतीय वंशाच्या, कॅलिफोर्नियात काम करणाऱ्या डॉक्टर. २०११ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सात केंद्रांतल्या ६५ वर्षांवरच्या ५०० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. किमोथेरपी घेणाऱ्यांपैकी ५३ टक्क्यांना गंभीर दुष्परिणाम झाले होते. ते कोणाला होतील हे आधी ओळखता येतं का, असा त्यांचा प्रश्न होता. उत्तरादाखल ११ बाबींची गुणपत्रिका तयार झाली. तिच्यात वय, किमोच्या औषधांची संख्या, हिमोग्लोबिन, मूत्रपिंड हे तर आहेच. त्याच्या जोडीला ऐकू कसं येतं, सहा महिन्यांत पडलात का, गोळ्या घ्यायला कोणाची मदत लागते का, एका गल्लीएवढं अंतर चालवतं का, आणि तब्येतीमुळे लोकांत जाणं-येणं कमी झालंय का, हेही आहे. कमी गुण असलेल्या गटात गंभीर त्रास ३० टक्क्यांना झाला, सर्वांत जास्त गुणांच्या गटात ८३ टक्क्यांना. चालण्याफिरण्याचे साधे प्रश्न धरलेल्या या गुणपत्रिकेने एवढी तफावत उलगडली. हुरिया २०१८ च्या नोव्हेंबरात रस्ते अपघातात गेल्या, अवघ्या ४८ व्या वर्षी. त्यांची गुणपत्रिका आज जगभर वापरात आहे.

यावर कोणी म्हणेल, धोका कळला तरी उपयोग काय? उपयोग होतो, आणि तो मोजलेला आहे. अमेरिकेत सुप्रिया मोहिले यांच्या चमूने ७० वर्षांवरच्या, पसरलेला कॅन्सर असलेल्या ७१८ रुग्णांवर काम केलं. निम्म्या दवाखान्यांत डॉक्टरांच्या हाती या मूल्यमापनाचा अहवाल आणि काय करावं याची सूचना दिली, उरलेल्यांत नेहमीचा रिवाज चालू ठेवला. २०२१ मध्ये 'लॅन्सेट' मध्ये निकाल आला. नेहमीच्या गटात ७१ टक्क्यांना गंभीर दुष्परिणाम झाले, अहवाल मिळालेल्या गटात ५१ टक्क्यांना. पडणाऱ्यांचं प्रमाण २१ वरून १२ टक्क्यांवर आलं. डॉक्टरांनी पहिला डोस सौम्य ठेवला, अनावश्यक गोळ्या बंद केल्या, आणि आयुष्य मात्र कमी झालं नाही. या शेवटच्या वाक्यापाशी मी थांबून ते दोनदा वाचलं होतं. डोस कमी केला तर आपण आईला, वडिलांना फसवतोय, ही टोचणी कित्येक मुलांच्या मनात असते. ती या आकड्यांनी निघावी.

ही पाश्चात्त्यांची चैन आहे असंही समजू नये. मुंबईत परळला टाटा मेमोरियल रुग्णालयात २०१८ पासून ज्येष्ठांसाठी वेगळी कॅन्सर ओपीडी चालते. डॉ. वनिता नरोन्हा आणि डॉ. कुमार प्रभाष यांचं नाव या कामाशी जोडलेलं आहे. तिथे वयाची अट ६० ची आहे. परदेशात ६५ किंवा ७० धरतात, पण आपल्याकडे कष्टाने आणि कुपोषणाने माणूस आधीच झिजतो, त्यामुळे ६० हाच आकडा मला शहाणपणाचा वाटतो. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात साठीपुढची माणसं १ कोटीच्या वर होती. आज ती कितीतरी जास्त आहेत. एक ओपीडी कुठवर पुरणार?

परदेशी प्रश्नावली जशीच्या तशी आणून मात्र चालत नाही. तिच्यात विचारतात, पैशांचे व्यवहार स्वतः करता का? आत्याने स्वतःचा पगार स्वतः मोजला, तिला प्रश्न लागू पडला. पण शेजारच्या काकूंनी जन्मात बँकेची पायरी चढलेली नाही. त्यांचं उत्तर 'नाही' आलं तर ते अशक्तपणाचं लक्षण कसं मानायचं? स्मरणशक्तीच्या चाचणीत घड्याळ काढायला सांगतात, ज्याच्या हातात कधी पेन्सिल आली नाही त्याला ते येणार कसं? हे ओळखून अभ्यासकांनी उत्तरेत हरयाणाच्या बल्लभगडमध्ये निरक्षर लोकांसाठी हिंदी चाचणी फार पूर्वी बनवली. आपल्याकडचे प्रश्न आपल्या घरातून यायला हवेत. मला सुचतात ते असे. मांडी घालून बसल्यावर जमिनीवरून हात न टेकता उठता येतं का? उकिडवं बसता येतं का? गिरणीतून दळण आणता का, की आता दुसरं कोणी आणतं? देवळात, भजनाला, भिशीला जाणं कधीपासून थांबलं? आणि आठवड्यात उपास किती? हा शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. वजन उतरत असताना चतुर्थी, एकादशी, सोमवार आणि गुरुवार निष्ठेने धरणाऱ्या बायका मी या काळात वेटिंग रूममध्ये किती पाहिल्या. आत्याही त्यांतलीच. आहारतज्ज्ञ बाईंनी तिला उपास सोडा म्हटलं नाही. "उपासाला दूध, राजगिरा, शेंगदाण्याचं कूट चालतं ना? मग त्या दिवशी दुप्पट खायचं," असं सांगितलं. आत्याने मान हलवली आणि ते पाळलं.

मनाबद्दल विचारायची वेळ आली तेव्हा त्यांनी आम्हाला बाहेर बसवलं. घरात 'कॅन्सर' हा शब्द कोणी उच्चारत नव्हतं. 'गालाची गाठ' एवढंच चालू होतं. दादाने दारातच डॉक्टरांना हात जोडून सांगितलं होतं, तिला कळू देऊ नका. वीस मिनिटांनी डॉक्टर बाहेर आले. "त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत आहे. तुम्हाला कळलंय हे त्यांना कळू द्यायचं नव्हतं. तुम्ही रडाल म्हणून." आणि त्यांनी एक कागद पुढे केला. त्यावर आत्याने सांगितलेलं जसंच्या तसं लिहून घेतलं होतं. 'नाकातून नळी कायमची नको. हाताने जेवता आलं पाहिजे. बोललेलं लोकांना कळलं पाहिजे. बाकी तुम्ही म्हणाल ते.'

सत्तर-ऐंशी वर्षांच्या माणसाला विचारायचा सगळ्यांत मोठा प्रश्न हाच आहे आणि तो लॅबमध्ये होत नाही. कोणाला नातीच्या लग्नापर्यंत काढायचं असतं, त्यासाठी वाटेल ते सोसायची तयारी असते. कोणाला फक्त स्वतःच्या पायाने संडासला जाता यावं असं वाटतं. उपचार एकच असले तरी या दोघांसाठी त्यांचा अर्थ वेगळा आहे.

पुढचे तीन आठवडे आत्याच्या गालाला कोणी हात लावला नाही. रक्तदाबाची एक गोळी बंद झाली, साखरेची बदलली, डायक्लोफेनॅक थांबवलं. झोपेची एकदम तोडता येत नाही, ती हळूहळू कमी केली. रोज दोनदा खुर्चीतून दहा वेळा उठणं-बसणं. सुरुवातीला पाचव्याला दम लागायचा. मऊ भात, तूप, अंडं घोटून, दाण्याचं कूट घातलेली पेज, दर दोन तासांनी. मोरीत दादाने धरायला दांडी बसवली. ती दोनशे रुपयांत आली. तीन आठवड्यांनी तीन मीटरला १४ सेकंद लागले. वजन पाऊण किलो वाढलं. रात्रीचं गरगरणं थांबलं.

मग ऑपरेशन झालं. काढलेल्या भागाच्या तपासणीत मानेतल्या एका गाठीबाहेर कॅन्सर गेलेला सापडला. तरुण माणसाला अशा वेळी रेडिएशनबरोबर सिस्प्लॅटिन देतात. सत्तरीच्या पुढे ही जोड दिल्याने आयुष्य वाढतं असं मोठ्या एकत्रित अभ्यासांत दिसत नाही, आणि आत्याचं मूत्रपिंड तर आडवंच आलं होतं. डॉक्टरांनी दुसरा पर्यायही प्रामाणिकपणे मांडला. सिस्प्लॅटिन न चालणाऱ्या रुग्णांना रेडिएशनबरोबर डोसेटॅक्सेल थोड्या मात्रेत दर आठवड्याला द्यावं का, हे टाटा मेमोरियलमध्येच ३५६ जणांवर तपासलं गेलं. नुसत्या रेडिएशनच्या गटात दोन वर्षांनी ४१.७ टक्के हयात होते, डोसेटॅक्सेलच्या गटात ५०.८ टक्के. म्हणजे 'सिस्प्लॅटिन झेपत नाही' याचा अर्थ 'काही नाही' असा होत नाही, हे मुंबईने जगाला दाखवलं. त्यात तोंड सोलवटण्याचा त्रास वाढतो हेही सांगितलं. आत्याने दोन्ही बाजू ऐकल्या आणि डोसेटॅक्सेल नको म्हटलं. "तोंड अजून सोललं तर मी जेवायची नाही, आणि जेवले नाही तर टिकायची नाही." तिने नीट हिशेब केला होता. तिचा नकार आणि त्या पहिल्या डॉक्टरांचं 'घरी ठेवा' हे कानाला सारखं वाटेल. पण तिने सगळं समजून घेऊन नको म्हटलं होतं आणि त्यांनी काहीच न बघता. एवढा फरक पडतो.

रेडिएशन ३० दिवसांचं. आठवड्याचे पाच दिवस, सहा आठवडे. 'घरी कोण आहे' या प्रश्नाची किंमत तेव्हा कळली. दादाची नोकरी कंत्राटी, ३० खाडे म्हणजे नोकरीच जाणार. मूल्यमापनाच्या दिवशीच तिथल्या समाजसेविकेने वही काढून विचारलं होतं, सोमवारी कोण, मंगळवारी कोण? ते वेळापत्रक आम्ही आधीच भरलं होतं. दोन दिवस वहिनी, एक दिवस दादा, एक दिवस मी आणि एक दिवस वॉर्डातली तिची जुनी मैत्रीण, तीही सत्तरीची. येरवड्याचं मेट्रो स्टेशन २०२४ च्या ऑगस्टमध्ये सुरू झालंय. गाडीतळापासून तिथवर रिक्षा, वर जायला लिफ्ट. एकही दिवस चुकला नाही. उपचार मधेच सोडून दिलेले वृद्ध रुग्ण पाहिले की आपण म्हणतो, औषध झेपलं नाही. पुष्कळदा औषध झेपलेलं असतं, न्यायला माणूस नसतो.

आता पैशांचं. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आहे, आणि २०२४ च्या ऑक्टोबरपासून ७० वर्षांवरच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारतचं वेगळं कार्ड काढता येतं. ऑपरेशनला, किरणांना, सलाईनला दर ठरलेला असतो. म्हाताऱ्या माणसाजवळ तासभर बसून तो कसा उठतो, काय खातो, कशाला घाबरतो हे विचारण्याचं काम मात्र कोणा एकाच्या चांगुलपणावर सोडलेलं आहे. माझं स्पष्ट मत आहे की ६० वर्षांवरच्या कॅन्सर रुग्णाच्या उपचारांना सरकारी योजनेत मंजुरी देताना हे मूल्यमापन सक्तीचं करावं आणि त्याचे पैसे रुग्णालयाला द्यावेत. महागडं यंत्र लागत नाही. एक खुर्ची, एक घड्याळ, एक वजनकाटा आणि शिकलेला माणूस लागतो. सगळ्यांची पूर्ण तपासणी करायला हात कमी पडत असतील तर त्यासाठीही छोटी चाळणी आहे. आठ प्रश्न, एकूण १७ गुण. १४ किंवा त्याहून कमी आले तरच पुढची सविस्तर तपासणी. प्रशिक्षित नर्सला ती पाच मिनिटांत करता येते. प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयात हे होऊ शकतं.

वृद्धवैद्यकाची सुरुवातही अशाच एका बाईच्या बघण्यातून झाली होती. १९३५ मध्ये लंडनच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयात मार्जरी वॉरेन या डॉक्टरांकडे शेजारच्या गरीबखान्यातले सातशेच्या वर रुग्ण सोपवले गेले. बहुतेक म्हातारे, वर्षानुवर्षं खाटेला खिळलेले, 'काही होणार नाही' असा शिक्का बसलेले. त्यांनी एकेकाला तपासलं, उठवून बसवलं, चालवलं. त्यांतले अनेक जण घरी गेले. हे मी आत्याला सांगितलं तेव्हा तिला नवल वाटलं नाही. "आमच्या वॉर्डातही होत्या तशा," ती म्हणाली. "कोणी उठवलंच नव्हतं, म्हणून पडून होत्या."

तिचं बोलणं थोडं जड झालंय, पण कळतं. ऑपरेशननंतरची नाकातली नळी दोन महिन्यांनी निघाली. मऊ भाजी-भात ती हाताने जेवते. मशेरीची डबी तिने स्वतः कचऱ्यात टाकली. परवा वजन ४४ किलो भरलं. दर दोन महिन्यांनी तपासणी आहे आणि पुढचं कोणी छातीठोक सांगू शकत नाही, ती तर मुळीच नाही.

दिवाळीला घरची माणसं एकत्र येतील. तुमच्या घरात साठीपुढचं कोणी असेल, आजारी असो वा नसो, तर भाऊबीजेच्या दिवशी त्यांच्या औषधांची पिशवी एकदा टेबलावर उपडी करा आणि सगळी औषधं फॅमिली डॉक्टरांना दाखवून या. त्यांच्या बांगड्या, अंगठ्या, पट्ट्याची भोकं बघा. वर्षभरात पडलात का असं विचारा, आणि चारचौघांत विचारू नका. आणि उद्या कोणी डॉक्टर फाइलवरचं वय वाचून 'झेपणार नाही' किंवा 'सगळं देऊ' म्हणाले, तर तिथून उठायच्या आधी हात जोडून एवढंच म्हणा: डॉक्टर, एकदा यांना चालवून बघा.